घोट्यापर्यंतची सर्जन

आमच्या घरात 'पायगुण' हा शब्द कोणी उच्चारत नसे. नात्यात कुणाकडे नवी सून आली किंवा मुलगी जन्मली आणि पाठोपाठ नवऱ्याला बढती मिळाली, की फोनवर सगळे पायगुणाचं कौतुक करायचे आणि आई घाईघाईने हवापाण्याचा विषय काढायची. माझा उजवा पाय जन्मतःच आत वळलेला होता. पुण्यात त्याला प्लास्टरं झाली, दोनदा ऑपरेशन झालं, आणि मी दहा वर्षांची असताना आम्ही जपानला आलो तोवर तो बऱ्यापैकी सरळ झाला होता. पोटरी बारीक राहिली, पाऊल लहान राहिलं, चालण्यात थोडा झोल राहिला. बूट घ्यायचे तर दोन मापांचे दोन जोड घ्यायचे आणि प्रत्येकातला एकेक टाकायचा. इथल्या कचऱ्याच्या पिशव्या पारदर्शक असतात. म्हणून आई ते बिनजोडीचे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून वेगवेगळ्या आठवड्यांच्या कचऱ्यात टाकायची. शेजारणीने पाहिलं तर काय म्हणेल, याची तिला धास्ती होती.

बाबा शास्त्रज्ञ. चिबातल्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक म्हणून आले आणि तिथेच रुळले. माझा पाय हा त्यांच्या मते सुटलेला प्रश्न होता, आणि सुटलेल्या प्रश्नाकडे ते पुन्हा बघत नसत. शाळेत मैदानी खेळांचा दिवस आला की मला ताप यायचा. तो ताप बाबाच चिठ्ठीत लिहून द्यायचे.

मार्च २०११च्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी मी टोकियोत होते, विद्यापीठात, जीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला. गाड्या बंद पडल्या आणि सगळं शहर चालत घरी निघालं. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही, सिग्नल लाल झाला की सगळे थांबायचे. पाय दुखत होता म्हणून मी मान खाली घालून चालत होते, त्यामुळे मला दिसले ते फक्त लोकांचे पाय. ऑफिसातल्या बायका उंच टाचांचे बूट हातात घेऊन पातळ मोज्यांवर चालत होत्या. एका दुकानाबाहेर साध्या कापडी बुटांसाठी रांग लागली होती. पुलावर एक म्हातारे गृहस्थ कठड्याला टेकून बूट काढून बसले होते, आणि त्यांचा अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसलेला होता. सरळ पायांनाही चालता येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

उरायासुला घरी पोचले तर आमचा भाग ओळखू येईना. भराव घातलेली जमीन ती. खालून वाळूचा चिखल वर आला होता, फुटपाथ वाकले होते, मॅनहोलची तोंडं कमरेएवढी वर आली होती. आईने मला पोटाशी धरलं आणि रडली. बाबांनी माझ्या रक्ताने भिजलेल्या मोज्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "परत सुरू झालं का तुझं पायाचं?"

हे मी विसरले नाही. विसरणारही नाही.

पुढचे कित्येक महिने आमच्या गावात काहीच सपाट नव्हतं. ओळखीची बरीच भारतीय कुटुंबं सामान बांधून परत गेली. पुण्याहून रोज फोन यायचे, 'या परत'. बाबा राहिले, कारण त्यांचं काम इथे होतं, आणि आई राहिली, कारण बाबा राहिले. मी त्या तिरप्या फुटपाथवरून स्टेशनला जायचे, यायचे, आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर पायांबद्दल वाचत बसायचे. वाचता वाचता मला पोडायट्री सापडली.

अमेरिकेत पावलांचं वेगळं कॉलेज असतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. पदवीनंतर चार वर्षं शिकायचं, मग तीन वर्षं हॉस्पिटलात सर्जरीचं प्रशिक्षण. पहिल्या दिवसापासून पक्कं ठरलेलं, की तुम्ही पाऊल आणि घोटा उघडणार, हाडं कापणार, जोडणार, वाकडं सरळ करणार. त्याच्या वर हात लावायचा नाही. अडचण एकच, पण मोठी: जपानमध्ये असा परवानाच नाही. भारतातही नाही. शिकून इथे परत आले तर मी कोणीच नाही.

दुसरा रस्ता मेडिकलचा. इथल्या काही मेडिकल कॉलेजांत आधीची पदवी असलेल्यांना दुसऱ्या वर्षात घेतात, जागा अगदी मोजक्या. त्या रस्त्याला सगळं शरीर उघडं. पण शेवटी कुठला विभाग तुम्हाला आपल्यात घेईल, सुरी हातात देईल की नाही, याचं वचन कोणी देत नाही. एकीकडे एकच लहान खोली, पण किल्ली माझ्याकडे. दुसरीकडे मोठं घर, पण कुठल्या खोलीत राहायचं ते मालक सांगणार. मला लहान खोली हवी होती. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हिचं हिलाच कळत नव्हतं.

मी अर्ज केला, परीक्षा दिली, आणि स्काइपवर मुलाखत झाली. पलीकडे एक पांढऱ्या केसांच्या सर्जनबाई होत्या. पावलंच का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी पाठ केलेलं उत्तर सुरू केलं आणि अर्ध्यात थांबून खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "दाखव बघू." मी मोजा काढून पाय टेबलावर, कॅमेऱ्यासमोर ठेवला. बावीस वर्षांची बाई, पाय टेबलावर! आई त्या वेळी बाहेर होती म्हणून बरं. बाईंनी व्रण पाहिले, घोटा किती वळतो ते करून दाखवायला लावलं, आणि मग विचारलं, "हे तुझ्या हातात असतं तर तू काय वेगळं केलं असतंस?" आम्ही कितीतरी वेळ माझ्या टाचेबद्दल बोलत होतो. जन्मात पहिल्यांदा तो पाय माझ्या बाजूने बोलत होता. मला प्रवेश मिळाला.

बाबांनी सुरुवातीला सरळ नाही म्हटलं नाही. 'बघू' म्हणाले. त्यांच्या 'बघू'मध्ये जागा असायची, आणि आईही हळूहळू वळेल असं मला वाटत होतं. मग दसऱ्याच्या सुमारास बाबांनी आपल्या सेन्सेईंना जेवायला बोलावलं.

सेन्सेई म्हणजे बाबांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. येत्या वसंतात निवृत्त होणार होते. बाबांना इथे आणलं ते त्यांनी, टिकवलं ते त्यांनी, त्यामुळे आमच्या घरी त्यांचा मान देवाच्या खालोखाल. आईने दोन दिवस आधी सुपरमार्केटमधलं दही कॉफीच्या गाळण्यात टांगून चक्का केला, बटाट्याच्या भाजीतून मिरच्या वेचून काढल्या, आणि श्रीखंडात केशर घालताना हात आखडला नाही. सेन्सेई आले, दारात बूट काढून वळवून नीट लावले, आत येऊन खुर्चीवर बसले. आणि बाबा मला म्हणाले, "अगं, सेन्सेईंना नमस्कार कर."

इथे कोणी कोणाच्या पायाला हात लावत नाही. इथे लांबून वाकतात. बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही, पण भरून आलं की माणूस आपल्या भाषेत जातो. मी पुढे होऊन वाकले. सेन्सेईंनी दचकून दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं: मोज्यातून उजव्या अंगठ्याचा सांधा बाहेर फुगला होता, आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेलला होता. बाबांनी घाईघाईने जपानीत खुलासा केला, आमच्याकडे गुरूला असा मान देतात वगैरे. सेन्सेई लाजले, बसल्या बसल्या तीनतीनदा वाकले. मग अवघडलेपण घालवायला त्यांनी मला विचारलं, पदवीनंतर काय?

मी म्हटलं, "अशीची सर्जरी."

जपानी 'अशी' म्हणजे आपला 'पाय'. मांडीपासून बोटापर्यंत सगळ्याला एकच शब्द, दोन्ही भाषांत. सेन्सेई म्हणाले, "अरे वा, म्हणजे हाडांचे डॉक्टर." मी म्हटलं, नाही, फक्त इथपर्यंत, आणि वाकून घोट्यावर बोट ठेवलं. अमेरिकेत त्याचं वेगळं कॉलेज आहे, मेडिकल नाही. सेन्सेई विचारात पडले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला, त्यांनी टाळी वाजवली.

"आ, नारुहोदो! आलं लक्षात, म्हणून आल्याआल्या माझे पाय तपासलेस!" आणि त्यांनी दोन्ही अंगठे हवेत दाबून दाखवले. "अशी-त्सुबो!"

अशी-त्सुबो म्हणजे तळव्याच्या बिंदूंवर अंगठे दाबून थकवा घालवणं. आमच्या स्टेशनसमोरच तसं दुकान होतं, दारात तळव्याचं रंगीत चित्र लावलेलं. तिथे आपली बायको दर आठवड्याला जाते, फार गुण येतो, असंही सेन्सेईंनी सांगितलं. आई हसली, कारण सगळे हसत होते. बाबा सगळ्यांत जास्त हसले, आणि कानापर्यंत लाल झाले. मी ते लाल कान पाहिले आणि समजले, की गेलं.

सेन्सेई वाईट नव्हते. जाताना त्यांनी मला दारात थांबवून मनापासून सांगितलं, की एवढी हुशार मुलगी, थेट मेडिकललाच जा, आमच्या ओळखीचे प्राध्यापक आहेत, पदवीधरांच्या प्रवेशाची माहिती मी पाठवतो. पाठवलीही, तिसऱ्याच दिवशी. अशा माणसावर रागावताही येत नाही, हाच खरा त्रास. मला आजही त्यांच्यावर नीट रागावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या बाटल्यांचा कचरा होता. बाबा ओट्यापाशी उभं राहून बाटल्यांची लेबलं सोलत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घोट्यापर्यंतची सर्जन! मी लोकांना सांगायचं तरी काय?"

"पोडायट्री सांगा."

"आणि त्यांनी विचारलं, म्हणजे काय, तर?"

"पायाची डॉक्टर."

"तेच तर!" त्यांनी लेबल चुरगळलं. "पायाची डॉक्टर म्हटलं की लोक काय समजतात ते काल पाहिलंस ना? एवढे शिकलेले सेन्सेई, तेही तेच समजले."

"त्यांना माहीत नाही म्हणून. बाबा, त्यांच्याच अंगठ्याला ऑपरेशनची गरज आहे."

"सगळं शरीर पडलंय, आणि तुला तेवढंच दिसतं? इतकी वर्षं आम्ही लोकांना तो पाय विसरायला लावला. आणि तू आता त्याची पाटी लावून बसणार!"

हे ते बोलून गेले. बोलल्यावर त्यांनी नळ सोडला आणि धुतलेल्या बाटल्या परत धुतल्या. आई कपड्यांच्या घड्या करत होती. ती म्हणाली, "अहो, नका ना असं बोलू." आणि लगेच माझ्याकडे वळून, "पण मी म्हणते, जमीन अजून हलतेय रोज, आणि तू तिकडे एकटी? काही झालं तर आम्ही इकडे, तू तिकडे. आणि परत आलीस तर इथे तुला कोणी विचारणार नाही. लग्नाचंही बघायला हवं. स्थळाला काय सांगायचं? स्वतःचा पाय असा, म्हणून पायाचंच..." तिने घडीसाठी पुढचा कपडा उचलला. बाबा शेवटी सौदा करावा तसे बोलले: "आधी डॉक्टर हो. पूर्ण डॉक्टर. मग पाय काय नि डोकं काय, कर हवं ते. कोणी अडवणार नाही तुला."

मी पंधरा दिवस भांडले. जेवले नाही, बोलले नाही, दारं आपटली. पण जमीन खरंच हलत होती, आणि आई रात्री दिवा चालू ठेवून झोपायची. आधी आईला, मग बाबांना हो म्हटलं, आणि अमेरिकेतल्या बाईंना नकार कळवला. त्यांनी शुभेच्छा पाठवल्या. बाबांनी त्या दिवशी येताना कोनबिनीतून, कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातून, केक आणला. मी तो खाल्लाही, याची मला आजही चीड येते.

मेडिकलला प्रवेश मिळाला, दूरच्या एका लहान शहरात. तिथल्या वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. मी चांगली शिकले, शवविच्छेदनात पावलाचा थर न् थर सोडवणारी मीच, बाकीचे तिथवर येईतो कंटाळलेले असायचे. पदवी झाली, सगळ्या विभागांतून फिरून झालं, आणि अस्थिविभागात यायचं आहे असं सांगायला मी तिथल्या प्राध्यापकांकडे गेले. बाबा म्हणाले होते, कोणी अडवणार नाही.

अडवलं. अतिशय अदबीने अडवलं. प्राध्यापकांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. माझे गुण चांगले आहेत म्हणाले, जपानी तर उत्तमच. मग नजर माझ्या बुटांपर्यंत नेऊन लगेच परत आणली. "आमच्याकडे तासन् तास उभं राहावं लागतं. क्ष-किरण अडवणारा शिशाचा जड अंगरखा घालून. तुमच्या... एकूण प्रकृतीचा विचार करता..." आणि मग ते इथलं ठेवणीतलं वाक्य: "मुरी शिनाइदे." स्वतःला ताण देऊ नका. जपानीत हे मायेने म्हणतात आणि नकार देतानाही हेच म्हणतात, आणि कोणतं कधी ते इथे वाढलेल्या माणसाला बरोबर कळतं. मी म्हटलं, मी भूकंपाच्या दिवशी टोकियोहून उरायासुपर्यंत चालत गेले आहे. ते कौतुकाने म्हणाले, "सुगोई. फारच कष्ट झाले असतील." विषय संपला. ज्या पायासाठी मला एका कॉलेजने घेतलं होतं, त्याच पायासाठी दुसऱ्याने परत पाठवलं.

बाकीच्या सर्जरी विभागांतही तीच अदब होती. शेवटी भूलतज्ज्ञांनी मला घेतलं. तिथे बसायला स्टूल असतं.

आता मी योकोहामाच्या एका हॉस्पिटलात रोज ऑपरेशन थिएटरमध्ये असते. टेबलाच्या डोक्याकडच्या टोकाला. मी पेशंटला झोपवते, त्याचा श्वास सांभाळते, आणि त्याला उठवते. मध्ये कापडाचा पडदा असतो, पलीकडे सर्जन. काम महत्त्वाचं आहे, हे मला कोणी सांगायला नको. मी ते उत्तम करते. पण मला ते नको होतं, आणि जे नको होतं ते उत्तम केल्याबद्दल लोक पाठ थोपटतात तेव्हा डोकं फिरतं. मागे एकदा एक लहान मुलगी आली होती, पाऊल आत वळलेलं, माझ्यासारखंच, फक्त डावं. मी तिच्या तोंडावर मास्क धरला, तिला आवडत्या प्राण्यांची नावं सांगायला लावली, ती सशापाशी झोपली. मग पडदा लागला. पलीकडे कोणीतरी तिची टाच सोडवत होतं आणि मी मॉनिटरवर वर-खाली जाणाऱ्या रेषा बघत होते. एकदा मान उंच करून बघायचा प्रयत्न केला. दिसलं नाही.

बाबा ओळखीच्यांत सांगतात, "मुलगी सर्जन आहे. म्हणजे ऑपरेशनमध्येच असते." सुरुवातीला मी दुरुस्ती करायचे. आता करत नाही, त्यांच्या आनंदावर मी कशाला विरजण घालू.

निवृत्तीनंतर आई-बाबा इचिकावाला लहान घरात गेले. बाबांना मधुमेह आहे, जुना. गेल्या हिवाळ्यात नव्या बुटाने त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली जखम झाली. त्यांना पायात काही जाणवतच नाही, त्यामुळे कळलं नाही. आईला गादीवर डाग दिसला तेव्हा कळलं. तोवर जखम आत गेली होती, अंगठा काळवंडला होता. मी सुट्टी टाकून त्यांना त्यांच्या जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

त्वचेच्या विभागाने पाहिलं आणि म्हणाले, हाडाला लागलं असेल, अस्थिविभागात दाखवा. अस्थिविभाग म्हणाला, आधी रक्तवाहिन्या तपासा. रक्तवाहिन्यांवाले म्हणाले, साखर फार आहे, आधी मधुमेहवाल्यांकडे जा, आणि जखमेचं प्लास्टिक सर्जरीला विचारा. प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर मंगळवारी येतात आणि त्या दिवशी गुरुवार होता. कोणी चुकीचं बोलत नव्हतं. प्रत्येकाने वाकून नमस्कार केला, प्रत्येकाने पुढच्या खिडकीचा नंबर दिला. अंगठा ठेवायचा की काढायचा, की पाऊलच जाणार, हे कोणी बोलायला तयार नव्हतं. मी त्या पायाकडे बघत होते. कुठून उघडायचं, किती खरवडायचं, कुठली शीर सांभाळायची, हे मला दिसत होतं, आणि हात लावायचा मला अधिकार नव्हता.

संध्याकाळी आम्ही तिघं कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो होतो. बाबांचा पाय बँडेज करून स्टुलावर ठेवलेला. ते थकले होते, जरा घाबरलेही होते. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "अगं, नुसता पायाचा असा वेगळा सर्जन नसतो का गं कुठे?"

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला आठवत होतं. मी बाबांचा चेहरा नीट निरखला. टोमणा नव्हता, पश्चात्तापही नव्हता. ते विसरले होते. खरोखर विसरले होते.

"असतो," मी म्हटलं. "अमेरिकेत."

"बघ, मला वाटलंच होतं, असणार." त्यांना जरा हुरूप आला. "मग फोन करून विचारता येईल ना? आपल्या ओळखीत आहे का कोणी?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "आपल्या ओळखीत कोणी नाही."